बाळाचे वजन झाले, आईचे कधी?



या वेळचा पाठ पुस्तकातला नाही. आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जी पाच मजली इमारत उभी राहते आहे, तिथून तो सुरू झाला. कोलार रोडवर राहणाऱ्यांना बांधकामाचे नवल नाही. आपल्यापैकी बहुतेकांची घरे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच इथे झाली आणि ती बांधणारी माणसे बैतूल, छिंदवाडा, झाबुआ, बुंदेलखंड अशा भागांतून आली. घर झाले की आपण राहायला जातो, ते पुढच्या प्लॉटवर जातात. त्यांच्याशी बोलणे होते ते बहुधा पाण्याच्या नळावरून.

गेल्या श्रावणात मधल्या सुट्टीत मुले धावत आली. म्हणाली, "बाई, ती विटा उचलणारी मावशी मराठी बोलते!" ती मुलताईकडची निघाली. मुलताई म्हणजे तापी जिथे उगम पावते ते गाव. बैतूल जिल्ह्यात असले तरी त्या बाजूला मराठी घराघरांत बोलली जाते, हे आपण भूगोलाच्या तासाला पाहिले आहे. तिची भाषा वऱ्हाडी वळणाची. कडेवर तीन महिन्यांची मुलगी. थोडी ओळख झाल्यावर एके दिवशी ती फाटकापाशी आली आणि म्हणाली, "बाई, माहं दूध आटलं जी. पोरीसाठी पावडरीचा डब्बा घेऊन देता का?"

आम्ही लगेच वर्गणी सुरू केली. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला फार बरे वाटत होते. संध्याकाळपर्यंत दोन डब्यांचे पैसे जमले. आमच्यातल्या एक पालक सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्या म्हणाल्या, "डबा आणू नका. आधी त्या बाईला विचारा, ती स्वतः काय खाते."

हा पाठ त्या प्रश्नाचा आहे.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन आली. बाळाचे वजन ५ किलो ४०० ग्रॅम भरले. जन्माच्या वेळी २ किलो ६०० ग्रॅम होते, असे तिच्याजवळच्या कार्डावर लिहिलेले होते. म्हणजे तीन महिन्यांत दुपटीहून थोडे अधिक. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत होता. ज्या बाळाला दूध पुरत नाही त्याचे असे होत नाही. बाळ उत्तम होते. मग परिचारिकाबाईंनी आईला काट्यावर उभे केले. ३८ किलो. वर्गातल्या भिंतीवरच्या पट्टीवर उंची मोजली, ती दीड मीटर. ती म्हणाली की बाळंतपणानंतर तिला काट्यावर कोणी उभे केले नव्हते. दोनदा एका दवाखान्यात जाऊन आली होती, दोन्ही वेळा बाळाचेच वजन झाले.

सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे. दीडचा वर्ग सव्वादोन. ३८ भागिले २.२५ म्हणजे १६.९. प्रौढ माणसाचा हा आकडा १८.५ च्या खाली गेला की त्याला कृश म्हणतात आणि १७ च्या खाली गेला की परिस्थिती गंभीर समजतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या शंभर स्त्रियांमागे २३ जणी १८.५ च्या खाली आढळल्या. महाराष्ट्रात सुमारे २१, देशभरात सुमारे १९. खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा जास्त असते. आणखी एक गोष्ट आम्हाला या निमित्ताने कळली. हा आकडा काढताना गरोदर स्त्रिया आणि गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया वगळतात. त्याचे शास्त्रीय कारण आहे, त्या दिवसांत वजन झपाट्याने बदलत असते. पण परिणाम असा की नुकती बाळंत झालेली बाई या हिशेबात येतच नाही.

आता मुलांनी विचारलेला प्रश्न. आई इतकी वाळलेली असताना बाळ गुटगुटीत कसे?

याचे उत्तर आपल्याच देशात शोधले गेले. डॉ. सी. गोपालन हे आपल्या देशातील आहारशास्त्राचे मोठे नाव. त्यांनी १९५० च्या दशकात दक्षिणेतल्या गरीब घरांतील बाळंतिणींच्या दुधाचा अभ्यास केला. त्यात दिसले की अपुरे खाणाऱ्या स्त्रियांचे दूधही बरेच महिने चांगल्या प्रमाणात येत राहते आणि त्यातली प्रथिने फारशी घटत नाहीत. पुढे आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा नावाच्या खेड्यात केंब्रिजच्या संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना रोज सातशे कॅलरींच्या आसपास जादा आहार दिला. दूध वाढेल अशी अपेक्षा होती. दूध जवळपास होते तेवढेच राहिले. आयांना मात्र बरे वाटू लागले.

म्हणजे निसर्गाने दुधाचा वाटा आधी काढून ठेवला आहे. उपासमार टोकाला जाईपर्यंत तो वाटा चालू राहतो आणि त्याची भरपाई आईच्या शरीरातून होते. चरबी जाते, मग स्नायू जातात. दुधातले कॅल्शियम जेवणातून मिळाले नाही तर आईच्या हाडांतून येते. बाळ दूध सोडू लागले की हाडे पुन्हा भरतात, पण त्याआधीच पुढचे बाळंतपण आले तर शरीराला सावरायला वेळ कुठे मिळणार? पंचविशीतल्या बाईची कंबर साठीतल्या बाईसारखी का दुखते, याचे थोडे उत्तर इथे आहे.

दुधातल्या सगळ्याच गोष्टी अशा सांभाळल्या जात नाहीत, हेही नीट लक्षात ठेवावे. लोह, जस्त, कॅल्शियम यांचे दुधातले प्रमाण आईच्या ताटावर फारसे अवलंबून नसते. पण अ जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वे आणि आयोडीन आईने खाल्ले तरच दुधात उतरते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातावर आणि कडक पथ्यावर ठेवलेल्या आयांच्या बाळांना ब१ च्या अभावाने बेरीबेरी झाल्याची उदाहरणे आशियात बरीच आहेत. आपल्याकडे ब१२ चा प्रश्न मोठा आहे. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, वनस्पतीतून मिळत नाही. जी बाई मांसाहार करत नाही आणि जिच्या वाट्याला दूधही येत नाही, तिचे अंगावर पिणारे बाळ वरून गुबगुबीत दिसत असूनही मंद होत जाते, हसणे विसरते, कधी त्याचे हातपाय थरथरू लागतात. डॉक्टरांना हा आजार आपल्या देशात चांगला परिचित आहे.

आता हिशेब. पूर्ण अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. १०० मिलिलिटरमध्ये ६५ ते ७० कॅलरी धरल्या तर बाळाला ५०० च्या आसपास कॅलरी मिळाल्या. दूध तयार करण्यातही थोडी शक्ती खर्च होते. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींत पहिल्या सहा महिन्यांसाठी आईला रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने नेहमीपेक्षा जास्त सांगितली आहेत. जड काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईची नेहमीची गरज २७२० धरलेली आहे. ३८ किलोच्या शरीराला त्या मानाने कमी लागेल, समजा १९०० च्या आत. त्यात दुधाचे ६०० मिळवा. अडीच हजारांच्या जवळ आकडा जातो.

तिने दिवसभराचे खाणे सांगितले ते मुलांनी फळ्यावर लिहिले. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी चार पोळ्या, बटाट्याचा रस्सा नाहीतर नुसता ठेचा. पाचला चहा. रात्री सगळ्यांचे झाल्यावर भात, उरलेले पातळ वरण, एखाद-दुसरी पोळी. बेरीज दीड हजाराच्या थोडी वर गेली. असे आठवून सांगताना काही विसरले जाते, हे मान्य. तरीही आठशे-नऊशेची तूट दिसते. शरीर मग काटकसर करते. चालणे मंदावते, बसावेसे वाटते, डोळे मिटतात. मुकादम त्याला आळस म्हणतो.

"सगळ्यांचे झाल्यावर" या दोन शब्दांशी आम्ही जरा थांबलो. एका मुलीने विचारले, "आमची आजीपण शेवटी जेवते, मग तीपण अशक्त आहे का?" आजीच्या वेळी पातेल्यात काहीतरी उरलेले असते, इतकाच फरक. पण प्रश्न चांगला होता आणि उत्तर देताना आमच्यातल्या दोघी-तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

मग दूध "आटले" ते काय होते? दोन गोष्टी होत्या. पहिल्या दोन महिन्यांनंतर छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, मऊ राहते. दूध आता बाळाच्या मागणीला जुळलेले असते म्हणून तसे होते, पण बऱ्याच आयांना वाटते की दूध गेले. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. ती महिन्याभरापासून कामावर येत होती. सकाळी नऊ ते सहा बाळ पत्र्याच्या खोलीत आजीजवळ. दूध जितके काढले जाते तितके तयार होते. आठ-आठ तास बाळ अंगावर आले नाही तर शरीर समजते की आता गरज नाही. पावडरीचा डबा आला असता तर बाळ आणखी कमी प्यायले असते आणि दूध खरोखरच आटले असते. पुढे डबा पुरवायला पैसे नाहीत म्हणून पाणी जास्त, पावडर कमी, आणि बाटली धुवायला टँकरचे पाणी. आपल्या चांगुलपणाने आपण काय करणार होतो, ते आठवले की अजून धस्स होते.

कायदा यात काही म्हणतो का? बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा जो कायदा झाला त्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया काम करत असतील तिथे पाळणाघर असावे असे कलम होते. आमच्या मागच्या इमारतीवर सात बायका होत्या. कोलार रोडवरच्या बहुतेक कामांवर एवढ्याच असतात. ठेकेदाराशी बोलणे सोपे गेले नाही. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील त्याच धंद्यात आहेत, त्यांनी मध्यस्थी केली. शेवटी सकाळी अकराला आणि दुपारी चारला वीस-वीस मिनिटे, आणि दुपारची जेवणाची सुट्टी, अशा तीन वेळी आजीने बाळ घेऊन यायचे असे ठरले. आठवड्याभरात तिची दुधाची तक्रार गेली.

राहिला तिच्या खाण्याचा प्रश्न आणि इथे आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. बाळंतिणीचे खाणे म्हटल्यावर आम्हा बायकांच्या अंगात उत्साह आला. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मेथी, खारीक, खसखस, बाळंतशोपा. कोणाच्या आईचा कोणता लाडू चांगला यावर अर्धा तास चर्चा झाली. एक किलो डिंकाचे लाडू करून दिले. दुसऱ्या दिवशी विचारले तर ती खाली बघत हसली. घरात पाच तोंडे. रात्री डबा उघडला आणि संपला. तिच्या वाट्याला एक आला.

तिचा नवरा वाईट नव्हता, सासूही नाही. लहान पोर समोर बसले असताना कोणती आई एकटी लाडू खाईल? अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी मिळणाऱ्या कोरड्या पाकिटांचेही नेमके हेच होते. पीठ घरात येते आणि घराचे होते.

यावर महाराष्ट्राने शोधलेला उपाय आपल्या सर्वांना माहीत असावा. अमरावती जिल्ह्यातला मेळघाट, म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, आपल्या राज्याला लागूनच आहेत. तिथले कोरकू लोक आणि आपल्याकडच्या बैतूल, हरदा, खंडवा जिल्ह्यांतले कोरकू एकच. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. पुढे अनेक वर्षे बोलणे चालू राहिले ते मुख्यतः मुलांच्या कुपोषणाबद्दल. आईच्या ताटाकडे लक्ष जायला फार वेळ लागला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, आणि अंडे किंवा केळे. महत्त्वाचे हे की ते अंगणवाडीत बसून खायचे. घरी नेले तर पाच जणांत वाटले जाते, तिथे बसून खाल्ले तर तिच्याच पोटात जाते. कर्नाटकानेही २०१७ मध्ये अशीच योजना आणली.

योजनेत अडचणी आहेतच. पाडा दूर असतो, जेवणाच्या वेळी बाई शेतात असते, तीन महिन्यांचे बाळ घेऊन उन्हात रोज कोण चालेल? पण मूळ विचार पक्का आहे, असे आमचे मत झाले.

आम्ही तेच केले, अगदी लहान प्रमाणात. दुपारी एक वाजता ती शाळेच्या व्हरांड्यात येऊन खायची. सुरुवातीला लाजायची, म्हणून तिच्याबरोबरच्या आणखी एका मजूर बाईलाही बोलावले. तीही अंगावर पाजत होती आणि तिची अवस्था फार वेगळी नव्हती. खाणे काय, तर दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, वरून चमचाभर तेल. मुलांनी मोजले: पोळ्यांचे २००, ३० ग्रॅम डाळीचे १००, ३० ग्रॅम शेंगदाण्यांचे १७०, २० ग्रॅम गुळाचे ७५, तेलाचे ४५. बेरीज ५९०. आठवड्यातून तीनदा अंडे, ज्यांच्या घरी चालते त्यांनी आणले. उरलेल्या दिवशी दही. आळीव आणि खसखस न घालताही ६०० कॅलरी होतात, हे बघून आमच्यातल्या लाडूवाल्या जरा हिरमुसल्या.

पथ्याविषयी तिचे आणि आमचे थोडे वाजले. डाळ वातूळ, पालेभाजीने बाळाला हगवण, दह्याने सर्दी, केळे थंड असे तिच्या सासूबाईंचे म्हणणे. हसू नका, आपल्या घरांतही हेच ऐकू येते. दूध रक्तातून तयार होते. आईने आंबट खाल्ले म्हणून ते आंबट होत नाही. एखाद्या बाळाला आईच्या खाण्यातली एखादी गोष्ट खरेच सोसत नसेल तर ती तेवढी बंद करावी. पण डाळ, पाला आणि दही तिन्ही काढून टाकले तर ताटात उरते काय? सासूबाईंना परिचारिकाबाईंनी समजावले, तेही "आम्हाला जास्त कळते" असे न म्हणता. "आजी, डाळीत हिंग-जिरे घालून देतो, चालेल का?" आजी म्हणाल्या, "मंग चालते."

हक्काच्या गोष्टीही पाहून घेतल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत प्रत्येक आईला अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत ५००० रुपये आहेत, दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये. हिची ही दुसरी मुलगी, पण अर्ज गावी अर्धवट राहिला होता. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची असते, कॅल्शियमच्याही गोळ्या असतात. तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या तशाच निघाल्या. काळे शी होते म्हणून तिने बंद केल्या होत्या. तसे होतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, एवढे तिला कोणी सांगितले नव्हते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळून जेवल्यावर घेतलेली बरी.

सहा आठवडे हे चालले. शेवटच्या वेळी तिचे वजन ३९ किलो २०० ग्रॅम होते आणि बाळाचे ६ किलो ३००. वजन वाढले ते थोडेच, पण ती जिना चढताना मध्ये बसायची ते बंद झाले, असे तिनेच सांगितले. दसऱ्याच्या आधी सोयाबीन काढायला ते सगळे गावी गेले. दिवाळीनंतर मुकादमाने दुसरी टोळी आणली. या टोळीत अंगावर पाजणाऱ्या तीन बायका आहेत.

म्हणून पुढच्या शनिवारपासून वजनाचा काटा पुन्हा व्हरांड्यात ठेवत आहोत. आठवीच्या मुलांनी वही आणावी आणि प्रत्येक पानावर दोन रकाने आखावेत, एक बाळाचा आणि एक आईचा. शेंगदाणे आणि गूळ मागच्या वेळचे शिल्लक आहेत, डाळ लागेल. ज्या घरांत कामाला येणाऱ्या बाईंचे तान्हे बाळ आहे, त्यांनी त्यांनाही, त्यांची इच्छा असेल तर, साडेबाराच्या सुमारास पाठवावे. शक्य असल्यास तेवढ्या वेळेचे भांडी-धुणे पुढे ढकलावे.